आईचा व्यवसाय: काही नाही

माय,

बियाण्याच्या प्लॉटवर वाकून वाकून ज्यांच्या कंबरा गेल्या, त्या तुम्हा सगळ्या बायांना उद्देशून बोलते आहे. तक्रार तुमची आहे, तशी माझीही आहे. तुम्ही जन्मभर काम केलंत आणि शाळेच्या, बँकेच्या, सरकारच्या एकाही कागदावर ते उमटलं नाही. अर्जात ‘आईचा व्यवसाय’ असा रकाना असतो आणि त्यात पोटची लेकरं लिहितात, ‘काही नाही’. सभेत हे मी आवाज चढवून म्हणते, टाळ्या पडतात. तुझ्यासमोर आवाज चढत नाही. ‘भाषण बस झालं, भाकर खा,’ असं म्हणून तू मला मध्येच थांबवलं असतंस.

मी दहावीत असतानाचा एक रविवार आहे. मी तुझा डबा घेऊन कपाशीच्या प्लॉटवर आले आहे. तुम्ही बाया ओळीत उभ्या आहात. उद्या उमलणारी कळी ओळखायची, अंगठ्याच्या नखानं तिची पाकळी आणि आतला पराग अलगद सोलायचा, मधल्या नाजूक दांडीला धक्का लागू द्यायचा नाही. मग सकाळी दुसऱ्या जातीच्या फुलाचा पराग आणून त्या दांडीला लावायचा, की त्या बोंडात संकरित बियाणं धरतं. एवढ्यासाठी तू अंगठ्याचं नख वाढवलेलं. मीही हात लावला आणि पहिलीच कळी मोडली. तू माझ्या हातावर चापट मारलीस. ‘डोळे पुस्तकात ठिवून हात चालत न्हाई, बाई. आधी बघ तिच्याकडं.’

तेवढ्यात बियाणं विकत घेणाऱ्या कंपनीचे साहेब आले, शेतीची मोठी पदवी घेतलेले. त्यांनी एक कळी धरली. तू म्हणालीस, ‘साहेब, तिला सोडा. ती उद्याची न्हाई, परवाची हाये.’

‘मावशी, तुम्ही तर आम्हालाच शिकवायला लागलात.’

‘मंग शिका की. फुकट हाये.’

सगळी ओळ हसली. साहेबही हसले, पण त्यांनी खिशातून वही काढून काहीतरी लिहून घेतलं. पदवीवाला माणूस माझ्या आईचं बोलणं टिपून घेतोय, हे मी डबा हातात धरून बघत होते. वाचनालयातली पुस्तकं फडशा पाडल्यासारखी वाचणारी मी, पण त्या वहीत काय चाललं होतं ते मला वाचता आलं नाही.

आता मी शाळाशाळांतून बोलत हिंडते, दहावीनंतर काय करायचं यावर. गेल्या हिवाळ्यात टेंभुर्णीकडच्या एका शाळेत बोलत होते. नेहमीसारखं मोठमोठ्या माणसांचं सांगत होते. मागच्या रांगेतली एक मुलगी उठली.

‘मॅडम, आमच्या घरात कुणालाच काही येत न्हाई. अप्पा म्हणतात, दहावी झाली की बस. शेडनेटमधी दोन हात वाढतील. मी काय होणार?’

‘आई काय करते?’

‘काही न्हाई.’

‘दिवसभर काही नाही?’

‘शेडनेटमधी जाते. त्या जाळीखाली मिरचीची फुलं क्रॉस करते.’

‘उद्या कोणती कळी फुलणार, ते तिला कळतं?’

‘हो मंग. मला बी कळतं.’

माय, मी हातातले कागद मिटले. तिला सांगितलं, तू म्हणतेस ते एक शास्त्र आहे. अकरावी-बारावी विज्ञान घे, मग कृषीची पदवी, त्यापुढं नवी वाणं तयार करण्याचं शिक्षण. बारावी लांब वाटत असेल तर दहावीवर कृषीची पदविकाही आहे. तिथं पहिल्या वर्षी बाकीची पोरं जे चित्रात बघतील, ते तुझ्या बोटांत असेल. ती म्हणाली, ‘म्हंजे मायच्या कामाचं कॉलेज असतंय?’ वर्ग हसला. ती हसली नाही.

निकालानंतर ती आईला घेऊन माझ्या घरी आली. अकरावी विज्ञानाचा अर्ज भरून आणला होता. आईच्या व्यवसायापुढं तिनं लिहिलं होतं, संकरित बियाण्यासाठी फुलांचं परागीकरण. अप्पा बाहेर मोटारसायकलवर बसून राह्यले होते. मी बोलावलं तेव्हा चहाला आत आले आणि म्हणाले, ‘पोरीच्या मायनं मला अर्ज वाचायला लावला. हे सगळं हिला येतं, मला कुठं ठाव होतं? जाऊ द्या मंग पोरीला.’ ती बाई पदराआड हसत होती. अगदी तुझ्यासारखी नाही, पण तशीच. मला फार बरं वाटलं. अजूनही वाटतंय.

तू गेलीस, आता हे पत्र कुठं पाठवणार? भाषणाच्या कागदांत ठेवून देते. पण आजवर कुठल्याच भाषणात न सांगितलेलं एक तुला सांगायचं आहे. साहेब आले त्याच महिन्यात मी शिष्यवृत्तीचा अर्ज भरला. तू अंगठ्याला शाई लावून विचारलंस, ‘माझ्यापुढं काय लिवलं?’ मी म्हणाले, ‘बराबर लिवलंय.’ तू बिलकुल शंका घेतली नाहीस. ‘काही नाही’ या दोन शब्दांखाली तू अंगठा दाबलास. नखाची अर्धी कोर शाईत उमटली.

म्हणून सोमवारी पुढच्या शाळेत पोरांना मी एवढंच सांगणार आहे. पोरांनो, घरी जा. आईनं आज काय काय केलं ते तिलाच विचारून त्या रकान्यात लिहा, आणि तिची सही किंवा अंगठा घेण्याआधी ते तिला मोठ्यानं वाचून दाखवा.