बाळंतीण माठात आहे

आदरणीय किसनसिंगमामा,

भाच्या बबलूचा रामराम. नातवाच्या बारशाची तयारी जोरात असन. मामीचे गुडघे, बाळाचं रडणं आणि व्याह्यांचा पाहुणचार, तिन्ही ठीक चालू असन अशी आशा करतो. इकडे लोहाऱ्याले घर अगदी ठाकठीक. तुम्ही बजावलं तसं मी उंबऱ्याबाहेर पाय टाकला नाही (पानठेला धरू नका, तो उंबऱ्यातूनच दिसते).

फोन काहून लागत नाही म्हणसान, तर तो कूलरच्या टाकीत पडला. टाकीत मी काजलचा फोटो काढून राह्यलो होतो. काजल म्हणजे अंजूवहिनीची काळी मॉली मासोळी, जिच्या जिवासाठी वहिनीनं बाळंतपणाले वणीले माहेरी जाताना मले देवासमोर शपथ घ्यायले लावली. उन्हानं तिच्या बरणीचं पाणी चहासारखं तापलं, म्हणून तिले कूलरमध्ये सोडलं. (कूलर भारी आहे, पण आवाज थेट मारोतीच्या ट्रकचा. मारोतीनं नवा हॉर्न बसवला, सनईसारखा वाजते. असो.) तेवढ्यात शेजारच्या नंदाबाईनं टाकीत वाकून पाह्यलं. "अबे येड्या, हे पोटुशी आहे! पंप बंद कर, लेकरं ओढले जातीन!"

केला बंद. सकाळी पाहतो तं टाकीभर जिऱ्याएवढाले लेकरं! म्हटलं, आता पंप नाही तं नाही, नुसता पंखा तरी लावू. तं नंदाबाई कमरेवर हात देऊन उभी. "बाळंतिणीले वारं लावतं काय रे? तुह्या मायनं तुले असंच वाढवलं?" म्हणजे घरात कूलर आहे, लाईट आहे, आणि मी ओला दुपट्टा डोक्यावर घेऊन फरशीवर लोळून राह्यलो. वरून काजल स्वतःचेच लेकरं गिळायले लागली! नंदाबाईनं तिच्यासाठी आणलेला डिंकाचा लाडू रागारागानं वापस नेला (अर्धा मी आधीच खाल्ला होता). मग काजलले माठात हलवलं. घरात तेवढीच थंड जागा. तेव्हापासून मले प्यायलेही थंड पाणी नाही.

पण वहिनीले सांगा, शपथ पाळली. मायलेकरं सुखरूप.

तुमचं घर राखणारा,
बबलू

ता. क. टाकीतल्या लेकराईकडे नंदाबाई पाहते. घराची किल्ली तिच्याचकडे आहे. तिले कायले दिली, ते खाली लिहिलं.

आणखी ता. क. मारोतीचा ट्रक वणीलेच येऊन राह्यला होता. हे पत्र दाराखालून सरकवणारा मीच. दार वाजवलं असतं, पण व्याह्यांसमोर मामी काय म्हणन ते आठवलं. माठ सोबत आहे, त्यातलं पाणी कोणाले पिऊ देऊ नका. आणि मामा, आतून कूलरचा आवाज येऊन राह्यला. लवकर उघडा.