ऑल्डकोटचं गाऱ्हाणं

प्रिय ओमकार,

फोनवर तू "सगळं बरं ना?" विचारतोस आणि मी "हो" म्हणून मोकळी होते. म्हणून आज लिहायला बसले.

तू राहतोस त्या ऑल्डकोट गावाचा इतिहास लिहून वर तो बाबांसाठी मराठीत करून पाठवलास, तेव्हा मी जाम चिडले होते, खरं सांगते. इंग्लंडातलं एवढंसं गाव. त्यांच्या चर्चला घंटा कुठल्या बाईने दिली, पूल तुटून टॉमस लोहार पुरात कसा वाहून गेला, आम्हाला काय करायचंय मेलं! आपल्या गावाचं लिहावंसं कधी वाटलं नाही तुला. लहानपणी बाबा तुला शेतावर नेताना प्रत्येक वाडीचं, प्रत्येक राखणदार देवाचं सांगायचे. तू दगड भिरकावत चालायचास, पण ऐकायचास.

बाबांचं विसरणं फार वाढलंय रे. रत्नागिरीचे डॉक्टर म्हणाले, रोज काहीतरी वाचून दाखवा. पेपर काढला की ते वैतागायचे. तुझं पुस्तक मात्र गोडीने ऐकायचे, लेकाने लिहिलेलं ना! मग दिवाबत्ती झाली की मी रोज तेच वाचत राहिले. टॉमस वाहून गेला की डोळे पुसायचे. मला बरं वाटायचं, निदान कशात तरी जीव रमतोय.

यंदा शिमग्याला पालखी दारात आली. सगळ्या गावासाठी देवाला गाऱ्हाणं घालायचा मान आपल्या घराचा. विठूभावजींनी हळूच विचारलं, आत्मारामदादाला जमेल ना? मी म्हटलं, न जमायला काय झालं, तोंडपाठ आहे त्यांना. बाबांनी हात जोडले आणि "बा देवा महाराजा" इतकं खणखणीत म्हणाले की मला भरूनच आलं. मग जिथे आपल्या वाड्यांची, राखणदारांची नावं घ्यायची, तिथे त्यांनी त्या घंटेवाल्या बाईचं नाव घेतलं. ऑल्डकोटचा पूल राख म्हणाले. पाण्यात गेलेल्या टॉमसला सांभाळ म्हणाले. लोक सवयीने "होय महाराजा" म्हणत गेले. कोणी हसलं नाही. विठूभावजींनी नारळही फोडला. मी मात्र आत जाऊन रडले.

आता रोज सकाळी पिशवी घेऊन पडवीत बसतात. घरी चल म्हणतात, पाणी चढायच्या आत पूल ओलांडायला हवा म्हणतात. ह्याच घरात जन्मलेला माणूस रे!

मी केळशीहून लग्न होऊन आलेली, आणि बायकांना गाऱ्हाण्यात कोण उभं करतं? विठूभावजींना अर्धंमुर्धं येतं. बाबांनी ते पुरतं सांगितलं फक्त तुला. तेव्हा बाळा, आता आपल्या गावाचं लिही. आठवेल तसं, चुकलंमाकलं चालेल. तुला यायला जमेल तेव्हा ये, पण हे आधी पाठव. मी रोज वाचून दाखवीन. त्यांना घरी आणायचंय, आणि वाट तुला एकट्यालाच ठाऊक आहे.

तुझीच,
आई