‘आठवडा’ म्हणताना

मंगळवार, ४ मार्च
सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, भर वर्गात, फ्रेंचच्या मास्तरीणबाईंनी मला खालच्या वर्गात उतरवलं. म्हणजे शाळकरी पोरांच्यात. कारण काय, तर ‘आठवड्या’चा फ्रेंच शब्द. कॉन्व्हेंटात सिस्टरनी शिकवला तो असा: स-मे-नऽ. तीन तुकडे, तीन टाळ्या. आणि ही कालची पोर म्हणते, “आजी, लिहिताना तीन, बोलताना एकच. स्मेन. तुम्ही बोलत नाही, गाता.”
आजी कुणाची? मुलाचं लग्न अजून व्हायचंय.

बुधवार, ५ मार्च
मुलगा म्हणतो, “आई, कशाला जिवाला त्रास? त्या आल्या की मी सांगेन ना मराठीतून.”
त्या म्हणजे होणाऱ्या विहीणबाई. रविवारी येतायत. फ्रेंचशिवाय दुसरी भाषा नाही. विहिणीशी पहिलं बोलणं मुलाच्या तोंडून करू? मग भांडण कुणाच्या तोंडून करायचं?

गुरुवार, ६ मार्च
पोरांच्या वर्गात गेले. बाकात गुडघे मावेनात. मास्तरीणबाई म्हणाल्या, “‘फूल’ म्हणताना शेवटचा ‘अ’ तुम्ही म्हणता का? फूलऽ असं?”
नाही म्हणत. पटलं — म्हणून जास्तच राग आला. पण सिस्टरनी चुकीचं शिकवलं असेल, हेही मन घेत नाही. दोघी बरोबर कशा असतील? घरी भाजी चिरताना ‘मादाम’ घोकत होते. सोडलं तर ‘मादामऽ’ होतं, आवरलं तर ‘माद’वरच तोंड मिटतं. आता एकही धड येईना.

शनिवार, ८ मार्च
गप्पच बसावं. हसून मान डोलवायला उच्चार लागत नाहीत.

रविवार, ९ मार्च
विहीणबाई आल्या. फ्रान्सच्या दक्षिणेकडच्या, द्राक्षमळेवाल्या. बॅग खाली ठेवायच्या आधी मला म्हणाल्या, आठवडाभर राहणार — स-मे-नऽ! तिन्ही तुकडे, स्वच्छ. होणारी सून ओशाळून मुलाच्या कानात काही बोलली. तो म्हणाला, “आई, हिच्या गावाकडे सगळे असंच बोलतात.”
चार तास बोललो. मुलाला दोनदा बाहेर घालवलं.
सिस्टर कुठल्या गावच्या, हे आम्ही कधी विचारलंच नाही.

सोमवार, १० मार्च
मास्तरीणबाईंना चिठ्ठी पाठवली: उद्या माझ्याबरोबर माझ्या विहीणबाई येतील. त्यांनाही पोरांच्यात बसवणार का, ते आज संध्याकाळी पाचच्या आत लेखी कळवा.