देवाआधीचा गूळ

अन्नपूर्णा, इंदूर
शुक्रवार, २० जून २०२५

प्रिय सुमेधा,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहोत. अनु शेजारी चित्र रंगवत बसली आहे आणि "मम्मीला लिही, मी भेंडी खाल्ली" म्हणते आहे. मोजून दोन तुकडे खाल्ले!

फोनवर तू आधी "शुगर किती?" विचारतेस आणि बाकीचं राहूनच जातं, म्हणून हे पत्र. आमच्या कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर बर्नाडेट म्हणायच्या, पत्रात आधी चांगलं लिहावं, म्हणजे वाचणाऱ्याला नीट बसायला वेळ मिळतो. तर, अनुला इन्सुलिनचं इंजेक्शन मी आता नीट देते. अनु म्हणते, "आजी, तू मम्मीपेक्षा हळू टोचतेस." रागावू नकोस हं.

उद्या उन्मेष तुला भोपाळहून आणायला निघतोय, हे पत्र त्याच्याच हाती देतेय. नव्या नोकरीचं ट्रेनिंग अर्ध्यावर सोडून येतेस म्हणे. अनुला डायबिटीस निघाला तेव्हा शाळेची नोकरी सोडलीस. इतक्या वर्षांनी मिळतेय, तीही सोडणार. उन्मेषला वाटतं, बायकोला तिथे करमत नाही. तुला कशाची धास्ती आहे ते मला ठाऊक आहे.

ते परवा घडलं.

बुधवारी आम्ही दोघी खजरानाच्या गणपतीला गेलो. गाडीतच तिला इंजेक्शन दिलं, लगेच समोरच्या ठेल्यावर पोहे खायचे होते. पण मंदिर दिसलं आणि दर्शनाआधी खाणं माझ्या जिवावर आलं. म्हटलं, पाच मिनिटांचं तर काम. लाइन हलेचना. अनु म्हणाली, "आजी, पाय कसेतरी होताहेत." पर्समधल्या मीटरवर शुगर बावन्न, फारच उतरलेली! ग्लुकोज गाडीत राहिलेलं. मी नैवेद्याची डबी उघडली आणि गूळ तिच्या तोंडात घातला. देवाच्या आधी. आमच्या घरात असं कधी झालं नव्हतं.

मागची बाई म्हणाली, "हाय राम, इतनी-सी बच्ची को शुगर! माँ ने खूब मीठा खिलाया होगा."

तोंडात गूळ, तरी आपली अनु म्हणते कशी, "आंटीजी, मीठे से नहीं होता ये. और मेरी मम्मी को कुछ मत बोलो."

"सही बोली बेटा," म्हणत लाइनीतल्या एका दादानं, आपल्या इंदुरी भियानं, आम्हाला बसायला जागा करून दिली. थोड्या वेळानं शुगर वर आली. मग तिनं पोहे खाल्ले, आणि दर्शन त्यानंतर.

मागच्या भिंतीवर लोक नवसाचा उलटा स्वस्तिक काढतात ना, नवस पुरा झाला की सीधा. तिथे ती थबकली. "मम्मीनं मी बरी व्हायला काढलाय ना? मग तिचा कधीच सीधा नाही होणार?"

मी तिला जवळ घेतलं. तीच म्हणाली, "तिला दुसरं काही मागायला सांग ना. जे पुरं होतं, असं."

सुमेधा, चूक माझी होती. पण तिला वेळेवर कळलं, तिनं सांगितलं, आणि आम्ही दोघींनी निभावलं. तू इथे नसताना. तू घाबरून परत यावंस म्हणून हे लिहीत नाहीये. तिथेच थांबावंस म्हणून लिहितेय. हा आजार तिच्याबरोबर राहणार. त्याच्यापायी तुझं सगळंच जायला हवं, असं नाही.

उन्मेषला पोटभर जेवू घाल आणि एकट्यालाच परत पाठव. रात्री खुशाल झोप. शुगर बघायचा अलार्म माझ्या उशाशी आहे.

तुझी,
रात्रपाळीवरची आई