तळ फोडलेली बांधी

बाबा,

आज २१ जुलै १९८६, सकाळचे सव्वासहा. तलावाकडच्या बांधीत काल संध्याकाळी काडी रोवून पाण्याची खूण करून ठेवली होती, ती आत्ता मोजली. पाणी चार बोटं उतरलं आहे. शेजारच्या काकांच्या बांधीत ते जसंच्या तसं उभं आहे. तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली, तरी अशा सकाळी तुमचा राग येतो.

आपल्याकडे धानाच्या बांधीत खोल नांगर घालत नसत. दर पावसाळ्यात चिखल करून करून वीतभर खाली जो घट्ट थर बसतो, तोच पाणी धरतो. धान कापायच्या आधीच माय त्या ओलीत डाळीसाठी लाखोरीचं बी फेकायची आणि ते नांगराशिवाय उगवायचं. पण तुम्ही मोहाडीला मामाच्या काळ्या रानात गहू पाहून आलात आणि धान निघताच भाड्याचा ट्रॅक्टर आणलात. लाखोरी बोटभर वर आलेली आहे. माय पदर खोचून बांधावर उभी आहे. "अजी, आपली जमीन तशी नाही. तिचा तळ काहून फोडता?" तुम्ही हसता. "तू भात रांध. जमिनीचं मले समजते."

खालची पिवळी माती वर आली. गहू वीतभर वाढून वाळला. पुढच्या पावसाळ्यात पाणी थांबेना, रोवलेलं धान करपलं. मी काही बोलायला गेलो, तर चारचौघांत म्हणालात, "आठवी शिकला तं बापाले शिकवून राहिला का बे?" त्याच वर्षी माझी शाळा सोडवलीत आणि मला बैलांमागे लावलंत.

तेव्हापासून मी तो थर पुन्हा बसवतो आहे. उभी चिखलणी, आडवी चिखलणी, उन्हाळ्यात बैलबंडीने तलावाचा गाळ. काका मघाशी म्हणाले, "बांधी हाये का चाळणी हाये रे तुही?" रोवण्याच्या बायका आठला येतील. रोपं वयात आली आहेत, थांबली तर फुटवे धरणार नाहीत. रोवली तर पाणी नाही. मी त्यांना परवा या म्हणणार आहे आणि आज आणखी एकदा बैल घालणार आहे.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहितो. त्या दिवशी ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरने विचारलं होतं, फाळ किती खोल सोडू? तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. "तू सांग. तू शिकलेला हायेस." मी मडगार्डवर बसलो होतो. म्हणालो, "पूर्ण सोडा." हे तुम्ही पुढे कुणालाच सांगितलं नाहीत, मायलाही नाही. त्याचाही राग येतो.