बिनलेबलाची पुडी

यवतमाळ,
शनिवार, ७ ऑक्टोबर २०१७

भाईजान,

सलाम. इकडे आम्ही बरे आहोत. अम्मीचा गुडघा कुरकुरतो, आणि अम्मी त्याच्याहून जास्त. शहनाजभाभींना सांगा, त्यांनी पाठवलेलं लिंबाचं लोणचं अम्मीने माझ्यापासून लपवून ठेवलंय. तुमचा फोन परवापासून बंद लागतो आहे, दुकानाचं शटरही खाली आहे म्हणे. जफरमामू आज इकडे आले होते, संध्याकाळच्या एसटीने नेरला परत येतायत, त्यांच्या हाती हे पत्र देते आहे. तोंडी निरोप द्यायचा तर मामूंना सगळं सांगावं लागलं असतं. तब्येत ठीक आहे ना तुमची?

माझ्या कॉलेजचं ऐका. मी पोरांना केमिस्ट्री सोडून सगळं शिकवते, असं तुम्ही चिडवता. आमचे विभागप्रमुख देवसिंग राठोड सरही परवा म्हणाले, "मॅडम, तास घेऊन राह्यल्या का कीर्तन करून राह्यल्या?" कारण यंदा तिसऱ्या वर्षाला कीटकनाशकांचा धडा मी फळ्यावर एकही सूत्र न लिहिता सुरू केला. पोरं सूत्रं घोकतात. कोणत्या रेणूला कुठे काय चिकटलंय ते झोपेतही सांगतील. पण त्याच विषाचा पंप ज्याच्या पाठीवर असतो, त्याला घरी चकार शब्द सांगत नाहीत. म्हणून मी नियमच केला. आपल्या घरी पंप कोण मारतं, त्यात काय टाकतं आणि कशासाठी, हे आधी घरच्या बोलीत सगळ्या वर्गाला सांगायचं, सूत्र नंतर. रेणूच्या आधी माणूस, असं मी मोठ्या ऐटीत म्हटलं होतं.

पहिल्या दिवशी पोरं नुसतीच हसली. मग मैत्रेयी उठली. तिचे वडील गोविंदा तुमच्याच भागात रोजाने फवारणीला जातात. ती सांगत होती, यंदा पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, डोक्यावर गेली आहे, त्यात बोंडअळी, म्हणून एकाच पंपात दोन औषधं आणि वरून एक पांढरी पुडी. पुडीला लेबल नाही. ती टाकली की पऱ्हाटी जोम धरून काळीभोर होते, असं दुकानदाराने सांगितलेलं. झाडं उंच म्हणून नळी वर धरायची, आणि मग अर्धा फवारा आपल्याच तोंडावर येतो. पोरांनी मला गराडा घातला. मॅडम, पुडीत काय असेल? मी म्हटलं, शोधू या. दुकान कोणतं ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

मी का विचारलं नाही, ते तुम्हाला कळतंच आहे. बकरी ईदला आले होते तेव्हा तुमच्या मागच्या खोलीत मी तशाच पुड्यांच्या खोक्याला ठेचकाळले होते. तुम्ही हसून म्हणालात, "टॉनिक आहे मास्तरीणबाई, तुझ्या पुस्तकात नाही भेटत ते." मीही हसले आणि बिर्याणी खायला बसले.

बुधवारी गोविंदाला इथल्या सरकारी दवाखान्यात आणलं. आधी दिसेनासं झालं, मग बोलणं तुटलं. आता इतका तडफडतो की हातपाय खाटेला बांधून ठेवलेत. डॉक्टर भला माणूस आहे, झोपेवाचून त्याचेही डोळे लाल झालेत. तो म्हणाला, दोन औषधांवरचा उतारा देतोय, पण तिसरं काय आहे ते कळत नाही तोवर आम्ही चाचपडतोय. एका विषाचा उतारा दुसऱ्यावर उलटूही शकतो. आणि पुडीचं रिकामं पाकीट मथुराबाईने, गोविंदाच्या बायकोने, चुलीत जाळून टाकलं. जनावरांनी तोंड लावू नये म्हणून सगळ्याच बाया जाळतात, तसं तिनेही जाळलं. आता बिचारी स्वतःलाच दोष देत बसली आहे.

काल तिथल्या व्हरांड्यात मैत्रेयीने मला गाठलं. ती रडत नव्हती. म्हणाली, "मले माहीत होतं मॅडम, दुकानवाले तुमचे भाऊ होत. म्हणून वर्गात नाव नाही घेतलं. पण माणूस पह्यले म्हणून तुमीच सांगतलं न. मंग इचारा न त्यायले."

धरणीने पोटात घ्यावं असं झालं मला.

भाईजान, मला भीती वाटते. गोविंदाची वाटते, तशी तुमचीही वाटते. दुकानांच्या तपासण्या सुरू आहेत, परवाना जाईल, पोलीस नेतील, मोहल्ल्यात लोक काय काय बोलतील, सगळं डोळ्यांपुढे येतं. अम्मी म्हणते तसं, झाकली मूठ सव्वा लाखाची. पण या मुठीत एक माणूस गुदमरतोय. तुम्ही वाईट नाही, हे मी कुणाहीपुढे सांगेन. पुडीत काय होतं ते कदाचित तुम्हालाही ठाऊक नसेल. पण ती कुणाकडून आली ते ठाऊक आहे, आणि मागच्या खोलीत एखादी तरी शिल्लक असेल. ती घेऊन या. जाळू नका, नाल्यात टाकू नका.

जे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं, ते लोणच्याच्या आणि कॉलेजच्या गप्पा करत इथवर टाळत आले. आज दुपारी मी डॉक्टरांना तुमच्या दुकानाचं नाव सांगितलं. त्यांनी पोलिसांना कळवलं आहे. उद्या सकाळी पोलीस तुमच्या दारात असतील. त्यांच्या आधी तुम्ही स्वतः इथे या, एवढ्यासाठी हे पत्र. अम्मीला अजून काही बोललेले नाही. मी दवाखान्याच्या व्हरांड्यात मथुराबाईशेजारी बाकावर बसले आहे. आलात तर तुमच्यासोबत आत येईन, पुढे ठाण्यातही येईन. नाही आलात, तरी मी इथून उठणार नाही.

तुम्ही बहीण म्हणणं सोडलंत, तरी तुमचीच,
नसरीन