काळा डाग दिसला तर पाणी

मी, एदुविना पास्तेन आराया, निवृत्त खगोलशास्त्रज्ञ, राहणार एल्की खोरे, चिले, पूर्ण शुद्धीत आहे आणि माझ्यावर कोणाचे दडपण नाही. मला किळस मात्र आली आहे, आणि ती या मृत्युपत्रात उतरेल हे नोटरीसाहेबांना आधीच सांगून ठेवले आहे.

माझे आयुष्य निळ्या आणि पिवळ्या काचेतून ताऱ्यांचा उजेड मोजण्यात गेले. तारा तांबूस दिसला, तर तो मुळातच तसा आहे की मधे धूळ आहे, हे ठरवायचे. असे असंख्य तारे मोजले की आकाशगंगेतल्या धुळीचा नकाशा होतो. वृश्चिक राशीच्या विंचवाजवळचा धुळीचा काळा डाग माझ्या वाट्याचा. जुलैत तो माझ्या अंगणातून नुसत्या डोळ्यांनी दिसे. आता दिसत नाही.

माझा भाचा एर्नान याने शेजारी तारे दाखवायचे हॉटेल काढले आणि रात्रभर दिव्यांचे झोत लावले. जाब विचारला, तर म्हणतो, "आत्या, पाहुण्यांना अंधारात भीती वाटते गं."

"मग तारे बघायला कशाला बोलावतोस, मेल्या?"

तो लाल झाला. मला वाटले, लाज वाटली. जवळ गेले तर पिस्को दारूचा भपकारा. जन्मभर हेच मोजले आणि घरच्या माणसात चुकले.

वाढदिवसाला त्याच्याकडे एक रात्र अंधार मागितला. त्याने मेणबत्त्या खोचलेला केक पाठवला. तो शेळ्यांना घातला, त्यांनीही तोंड फिरवले.

माझे घर शेजारीण रेमिहिया तापिया हिला द्यावे. मी काम करायचे त्या वेधशाळेचा घुमट उघडला की पूर्वी सारे गाव उजेड बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्यांवर घोंगड्या टाकी. घुमट बंद पडला, गाव विसरले. रेमिहिया अजून टाकते. "सवय हो, एदुबाई," एवढेच म्हणते.

माझ्या हक्काचे पाटाचे पाणीही तिलाच. याच पाण्यावर एर्नानचा पोहण्याचा तलाव भरतो, आजवर फुकट. दर जुलैत रेमिहियाने माझ्या अंगणात उभे राहून वर बघावे. काळा डाग दिसला तर वर्षभर पाणी एर्नानला, नाही दिसला तर शेळ्यांना. "दिसल्यासारखा वाटला" हे चालणार नाही.

एर्नानला माझ्या दोन्ही काचा द्याव्यात. पुसून द्याव्यात.

साक्षीदार: नोल्बेर्तो रिवेरोस, खेचरवाला. दोमितिला कोर्तेस, शिक्षिका. ओस्कार वेगा, पाटकरी.

एर्नानलाही बोलावले होते. पाहुणे आलेत म्हणाला.

सही: एदुविना पास्तेन आराया
ठिकाण: माझे अंगण. ११ जून २०१८, भर दुपार. त्याचे झोत चालूच आहेत.